सरकत्या पाईपचे लॉक : ते कशावर धरते आणि कसे सोडवावे?

हार्डवेअरच्या कोणत्याही बऱ्या दुकानात एकात एक सरकणाऱ्या पाईपच्या वस्तू आज डझनावारी दिसतात. रंगाऱ्याच्या रोलरला लावायचा लांब दांडा, जाळी-जळमटे काढायचा झाडू, घडीची छत्री, फोटोग्राफरची तिपाई, पाय अधू झालेल्या माणसाची कुबडी, अल्युमिनियमची शिडी, आंबे उतरवायच्या झेल्याचा दांडा आणि स्लॅबखाली लावायचा सेंटरिंगचा लोखंडी जॅक. या वस्तू दिसायला वेगळ्या आणि त्यांची किंमतही वेगळी. परंतु तत्त्व एकच आहे. मोठ्या नळीत लहान नळी बसवलेली असते. ओढली की दांडा लांब होतो, दाबली की आखूड होतो. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या अशाच सरकत असत, म्हणून या मालाला बाजारात टेलिस्कोपिक पाईप असे म्हणतात.

या मालाच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. एक गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "अडकला, मिटतच नाही." दुसरे येते आणि म्हणते, "थांबत नाही, खाली घसरतो." दुकानदार दोन-चार झटके देऊन पाहतो, नाही जमले तर माल परत घेतो आणि नुकसान सोसतो. कारागीर हातोडी चालवतो आणि दुरुस्त होणारी वस्तू कायमची बाद होते. रंगाऱ्याच्या दांड्यापुरते हे नुकसान पैशाचे आहे. कुबडीचे किंवा सेंटरिंगच्या जॅकचे लॉक चुकीच्या रीतीने सोडवले तर माणसाचे हातपाय मोडतात, प्रसंगी जीव जातो. म्हणून हे लॉक आत कसे असते, भार कशावर घेते आणि ते सोडवण्याची रीत काय, याची माहिती विकणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला असणे जरुरीचे आहे.

लॉकचे दोन प्रकार : अडसर आणि पकड

बाजारात लॉकचे नमुने पुष्कळ असले तरी मुळात प्रकार दोनच आहेत. जुन्या घराचा दरवाजा आतून दोन तऱ्हांनी बंद करता येत असे. एक तर आडवा अडसर लावायचा, नाहीतर खालच्या फटीत पाचर ठोकायची. अडसर तुटेपर्यंत दरवाजा उघडत नाही. पाचर मात्र जमिनीला किती घट्ट धरते त्यावर सारे अवलंबून असते. जमीन ओली किंवा तेलकट असली तर ती सरकते.

सरकत्या पाईपचेही असेच आहे. पहिल्या प्रकारात दोन्ही नळ्यांच्या भोकांतून पिन किंवा बटण आरपार बसते. याला आपण अडसराचे लॉक म्हणू. यात भार त्या पिनवर आणि भोकाच्या कडेवर येतो. भोके ठरावीक अंतरावर असल्याने उंचीही ठरावीक टप्प्यांनीच बदलते. दुसऱ्या प्रकारात एक नळी दुसरीला आवळून धरते, मग ती बाहेरून आवळलेली असो की आतून फुगवलेली. याला पकडीचे लॉक म्हणू. यात हवी ती उंची मिळते. परंतु भार केवळ घर्षणावर, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना घासून धरण्यावर, अवलंबून असतो.

हा फरक ओळखणे हीच या धंद्यातील खरी किल्ली होय. अडसराच्या लॉकला तेलाचा एखादा थेंब चालतो, कित्येकदा लागतोच. पकडीच्या लॉकला मात्र तेल म्हणजे विष. आपल्याकडे काहीही अडकले की प्रथम तेल सोडण्याची सवय आहे. पकडीच्या दांड्यात तेल गेले की तो त्या क्षणी सुटतो खरा, पण पुन्हा धरत नाही. आणि गिऱ्हाईक चार दिवसांनी घसरण्याची तक्रार घेऊन परत येते.

दोन्ही प्रकारांना लागू असलेला नियम एकच आहे: आधी भार काढावा, मग लॉक सोडावे. भाराखाली असलेले लॉक सहजी सुटत नाही, आणि जोर लावून सोडवले तर सगळा भार एकदम खाली येतो.

बटणाचा खटका

अडसराच्या लॉकमध्ये सर्वांत जास्त खपणारा नमुना म्हणजे बटणाचा खटका. आतल्या नळीत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टीची स्प्रिंग बसवलेली असते. तिच्या एका टोकाला, कधी दोन्ही टोकांना, गोल डोक्याचे बटण असते. नळी सरकवत आणली की भोक समोर येताच बटण टिक असा आवाज करून बाहेर येते. कुबड्या, वॉकर, तंबूचे खांब आणि झेल्याचे काही दांडे यांत हाच खटका असतो.

सोडवण्याची रीत सोपी आहे. दांडा जमिनीवर टेकवू नये, म्हणजे बटणावर भार राहत नाही. बटण अंगठ्याने बाहेरच्या नळीच्या पातळीच्या खाली जाईपर्यंत दाबावे आणि दाबून धरूनच आतली नळी थोडी फिरवावी, मग सरकवावी. थोडे फिरवल्यामुळे बटण पुढच्या प्रत्येक भोकात अडकत बसत नाही. हव्या त्या भोकाजवळ आल्यावर नळी परत सरळ करावी.

कुबडीच्या बाबतीत लांबी बदलल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. बटण पूर्ण बाहेर आले आहे काय, नळी पिळून पाहिल्यास ती फिरत तर नाही ना, आणि दुकानदाराने स्वतः जोर देऊन दाबल्यावर ती आत जात नाही ना. बटण अर्धवट बसलेली कुबडी रिकामी असताना ठीक वाटते आणि माणसाचे वजन येताच दगा देते. जोडीतील दोन्ही कुबड्यांची भोके मोजून सारखी लावावीत, आणि टोकाचा रबरी बूट झिजला असल्यास तोही त्याच वेळी बदलून द्यावा.

या खटक्यात तीन दोष आढळतात. स्प्रिंग गंजून मऊ पडते किंवा मोडते, बटण भोकातून निसटून नळीत पडते, किंवा रोजच्या भाराने भोक लांबट होते. पहिले दोन दोष नवी स्प्रिंग घालून दूर होतात. ही स्प्रिंग स्वस्त असते, दुकानात दोन-तीन मापांच्या ठेवाव्यात. भोक लांबट झाले असेल तर मात्र ती नळी बदलावी. त्याच भोकाशेजारी दुसरे भोक पाडणे म्हणजे नळी आणखी कमजोर करणे होय.

घडीच्या छत्रीचा दांडा

खिशात किंवा पिशवीत मावेल अशी घडीची छत्री जर्मनीतील हान्स हाउप्ट याने १९२८ साली पुढे आणली. ती क्निर्प्स या नावाने प्रसिद्ध झाली. आज आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन-घडी, तीन-घडी छत्र्या त्याच कल्पनेवर चालतात.

हाताने उघडायच्या छत्रीत दांड्याच्या नळ्यांना पातळ पोलादी खटके असतात. दांडा ताणला की खटका खाचेतून बाहेर येतो आणि नळीला परत आत जाऊ देत नाही. बंद करताना आधी काड्या उघडणारी कडी तिच्या खटक्यातून सोडवून खाली आणावी, आणि त्यानंतरच दांडा आत दाबावा. काही छत्र्यांत दांड्याचा खटका बोटाने दाबावा लागतो, काहींत कडी खाली येताच तिच्या दाबाने तो आपोआप आत जातो. कडी वर असतानाच दांडा जोराने दाबला तर खटका वाकतो, नळी चेपते आणि काड्यांचे रिपीट तुटतात.

बटण दाबून उघडणाऱ्या आणि बटण दाबूनच मिटणाऱ्या छत्रीत प्रकार निराळा आहे. तिच्या दांड्यात लांब गुंडाळीची स्प्रिंग असते. बंद करायचे बटण दाबले की काड्या मिटतात, पण दांडा लांबच राहतो. तो हाताने स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून मुठीत अडकवावा लागतो. टिक आवाज येईपर्यंत दाब सोडू नये. मध्येच हात सुटला तर दांडा वेगाने बाहेर येतो आणि डोळ्याला, तोंडाला इजा होते. म्हणून दाबताना छत्रीचे टोक कोणाच्याही चेहऱ्याकडे नसावे. लहान मुलांना ही छत्री देताना दुकानदाराने मिटवण्याची रीत करून दाखवावी.

दुरुस्ती करणाऱ्याने अशा छत्रीची मूठ खोलण्यापूर्वी दांडा पूर्ण बाहेर काढलेला असावा, कारण त्या स्थितीत स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी असतो. मिटलेल्या छत्रीची मूठ खोलणे म्हणजे ताणलेल्या धनुष्याची गाठ सोडणे होय. ओली छत्री मिटवून ठेवू नये, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. पाणी दांड्यात राहते, खटका गंजतो आणि पुढच्या पावसाळ्यात छत्री उघडत नाही.

फिरवून आवळायचा दांडा

रंगाऱ्याचा दांडा, झाडूचा दांडा, डोंगर चढणाऱ्यांची काठी, हे बहुतेक पकडीच्या लॉकवर चालतात. त्यात दोन तऱ्हा आहेत.

पहिल्या तऱ्हेत बाहेरच्या नळीच्या तोंडाशी आट्यांची प्लास्टिकची कडी असते. कडी फिरवली की आतली चिरलेली बांगडी दाबली जाऊन लहान नळीला आवळते. हे लॉक डोळ्यांना दिसते, म्हणून दुरुस्तीला सोपे. कडी पूर्ण सोडून बांगडी चिरली आहे काय ते पाहावे, आटे स्वच्छ करावेत आणि परत बसवावी.

दुसऱ्या तऱ्हेत लॉक नळीच्या आत लपलेले असते. लहान नळीच्या टोकाला पेचाची सळई असते आणि तिच्यावर चिरलेला प्लास्टिकचा बुच असतो. लहान नळी फिरवली की पेचामुळे शंकूच्या आकाराचा तुकडा बुचात शिरतो, बुच फुगतो आणि मोठ्या नळीला आतून धरतो. काही स्वस्त दांड्यांत बुचाऐवजी मध्य सोडून भोक पाडलेली चाकी असते. ती फिरली की तिची फुगीर बाजू नळीच्या भिंतीला दाबते.

सोडवण्यासाठी दोन्ही नळ्या सांध्याच्या जवळ धराव्यात. दूरवर धरून फिरवले तर नळी पिळते, लॉक सुटत नाही. नळीवर बाण असल्यास त्याप्रमाणे, नसल्यास आवळले होते त्याच्या उलट फिरवावे. साधारण अर्ध्या ते एका फेऱ्यात नळी मोकळी व्हायला हवी. मोकळी झाल्यावर आणखी फिरवत बसू नये, कारण बुच पेचावरून निघून मोठ्या नळीत राहतो आणि मग तो काढणे त्रासाचे होते.

"कितीही फिरवले तरी आवळतच नाही" ही तक्रार आतल्या लॉकची ठरलेली तक्रार आहे. याचे कारण बहुतेक वेळा मोडतोड नसते. बुच नळीच्या भिंतीला जरादेखील न धरता नळीबरोबरच फिरत असतो, म्हणून तो फुगत नाही. अशा वेळी लहान नळी किंचित बाजूला कलती दाबून फिरवावी. बुच भिंतीला टेकतो आणि आवळू लागतो. तरीही नाही जमले तर नळी पूर्ण बाहेर काढावी, बुच आणि मोठ्या नळीचा आतला भाग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावा, वाळू द्यावा, बुच हाताने थोडा फुगवावा आणि मग परत घालावा. पाच मिनिटांच्या या कामाने परत आलेला अर्धा माल पुन्हा विक्रीस योग्य होतो.

चापाचे लॉक

कॅमेऱ्याच्या तिपाईला आणि दिव्याच्या स्टँडला पुष्कळदा चापाचे लॉक असते. चिरलेल्या कडीला एक लहान दांडी जोडलेली असते. दांडी मिटवली की तिच्या मुळाशी असलेला फुगीर भाग कडीला आवळतो. दांडी उचलली की कडी सैल होते. हेही पकडीचेच लॉक आहे.

येथे मुख्य सावधगिरी ही की चाप उचलण्यापूर्वी वरचा कॅमेरा किंवा दिवा एका हाताने धरावा. चाप अर्धवट उचलण्याची सोय यात नसते. तो सुटला की नळी एकदम खाली येते आणि बोट चिमटते. चाप सैल वाटू लागला तर कडीचा स्क्रू थोडा आवळावा, परंतु पाव फेऱ्याहून अधिक एकदम आवळू नये. जास्त आवळल्यास चाप बसवताना जोर लागतो आणि प्लास्टिकची कडी मुळाशी तडकते.

सेंटरिंगचा जॅक

आता ज्या वस्तूबद्दल सर्वांत जास्त काळजी घ्यावयास हवी तिच्याकडे वळू. बांधकामावर ज्याला जॅक, प्रॉप किंवा एक्रो म्हणतात तो उंची बदलता येणारा लोखंडी टेकू होय. एक्रो हे नाव ब्रिटनमधील अॅक्रो या कंपनीवरून आले आहे. ही कंपनी स्वित्झर्लंडहून आलेल्या विल्यम डी व्हिजिये यांनी १९३६ साली सुरू केली होती, आणि तिच्या या टेकूने लाकडी वाशांची जागा घेतली.

या जॅकची बाहेरची नळी साधारण ६० मिलिमीटर व्यासाची आणि आतली साधारण ४८ मिलिमीटरची असते. आतल्या नळीला ठरावीक अंतरावर भोके असतात. बाहेरच्या नळीच्या वरच्या भागावर आटे पाडलेले असतात आणि त्यावर जाड कडीसारखा नट असतो. भोकातून घातलेली पिन या नटवर टेकते. म्हणजे स्लॅबचा भार आतल्या नळीवर, तिच्यातून पिनवर, पिनमधून नटवर, नटमधून आट्यांवर आणि शेवटी बाहेरच्या नळीतून जमिनीवर जातो. पिनने मोठे टप्पे साधतात आणि नट फिरवून बारीक उंची साधते.

काढण्याची बरोबर रीत यातूनच निघते. नट हळूहळू खाली फिरवावा. स्लॅबवरून भार उतरला की आतली नळी सैल होते आणि पिन हाताने हलू लागते. तेव्हाच पिन काढावी. पिन हाताने निघत नसेल तर तिच्यावर अजून भार आहे असे समजावे. हातोडीने पिन ठोकून काढणे ही आपल्याकडील सर्रास आणि सर्वांत घातक सवय आहे. पिन निघताक्षणी आतली नळी खाली कोसळते, शेजारच्या जॅकवर अचानक भार जातो आणि एकापाठोपाठ एक जॅक वाकू शकतात. पिन काढताना आतली नळी दुसऱ्या माणसाने धरलेली असावी, आणि कोणाचेही बोट भोकात किंवा बाहेरच्या नळीच्या तोंडावर नसावे. खाली येणारी नळी कात्रीसारखे बोट कापते.

सर्व जॅक एकदम सैल करू नयेत. दोन्ही बाजूंना आधार असलेल्या स्लॅबचे जॅक मधून कडेकडे काढत जावे. बाल्कनी किंवा छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. त्याचे जॅक मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यावे. हा क्रम उलटा झाला तर काँक्रीटवर जो ताण यायला नको तो येतो आणि तडे जातात.

जॅक किती दिवसांनी काढावेत, यालाही नियम आहे. भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि १५ अंश सेल्सियसपेक्षा कमी नसलेल्या तापमानासाठी मुदती दिल्या आहेत. स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर जॅक निदान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावेत. तुळईचा गाळा ६ मीटरपर्यंत असल्यास १४ दिवस आणि त्याहून मोठा असल्यास २१ दिवस. राख मिसळलेल्या सिमेंटला ताकद येण्यास वेळ अधिक लागतो, म्हणून तेथे मुदत वाढवावी लागते. जॅक भाड्याने देणाऱ्या व्यापाऱ्याला माल लवकर परत हवा असतो आणि ठेकेदाराला दुसऱ्या कामावर न्यायचा असतो. परंतु इंजिनीयरने सांगितल्याखेरीज जॅक काढण्याची घाई दोघांनीही करू नये. चार दिवसांच्या भाड्यापेक्षा खाली काम करणाऱ्या मजुराच्या जिवाची किंमत फार मोठी आहे.

पिनबद्दलही सांगणे भाग आहे. मूळ पिन हरवली की साइटवर हाताला लागेल तो सळईचा तुकडा घातला जातो. १२ मिलिमीटरच्या पिनच्या जागी ८ मिलिमीटरची सळई घातली तर छेदाचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटरवरून ५० वर येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. डोळ्यांना फक्त चार मिलिमीटरचा फरक दिसतो, पण ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असते. भाड्याने देणाऱ्यांनी पिन साखळीने जॅकला बांधूनच द्यावी, माल परत घेताना ती तपासावी, आणि वाकलेली पिन सरळ करून पुन्हा वापरात आणू नये.

लांबीचाही विचार करावा. बारीक खांब जसजसा लांब होतो तसतसा तो वाकण्यास सोपा होतो, आणि ही घट सरळ प्रमाणात नसते. लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी पेलता येणारा भार सुमारे एक चतुर्थांश होतो. म्हणून पूर्ण ताणलेला जॅक आणि अर्धा मिटलेला जॅक यांना सारखे समजू नये. हाच हिशेब झेल्याच्या आणि रंगाऱ्याच्या दांड्यालाही लागू आहे. आतल्या नळीवर थांबण्याची खूण असते, तिच्यापुढे नळी ओढू नये.

अडकलेला दांडा सोडवताना

प्रथम लॉक अडसराचे की पकडीचे हे ओळखावे. मग अडकण्याचे कारण शोधावे. कारणे साधारण चार असतात: माती-वाळू, गंज, चेपलेली नळी आणि फुगलेला प्लास्टिकचा बुच.

माती-वाळू असेल तर नळी उभी धरून लाकडाने हलके ठोकावे आणि गोड्या पाण्याने धुवावी. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने आणखी एक त्रास होतो. अल्युमिनियमच्या नळीत पोलादी स्प्रिंग असते. मिठाचे पाणी लागले की या दोन धातूंच्या संगतीने अल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी तयार होते आणि ती फटीत दाटून बसते. अशा ठिकाणी वापर झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, नळ्या वेगळ्या करून वाळवणे हाच उपाय आहे.

हात घसरत असल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन्ही नळ्यांना गुंडाळून पिळावे. पकड दुप्पट मिळते आणि पाईप पान्याचे दात नळीत घुसत नाहीत. नळी व्हाइसमध्ये सरळ आवळू नये. ती चेपून अंडाकृती झाली की पुन्हा कधी सरकत नाही. लाकडाच्या ठोकळ्यात नळीच्या मापाचे भोक पाडून, ठोकळा मधोमध चिरून त्यात नळी धरावी.

उष्णतेचा उपयोग विचारपूर्वक करावा. दोन्ही नळ्या धातूच्या असतील तर बाहेरच्या नळीवर उकळते पाणी ओतल्यास ती थोडी फुगते. ३० मिलिमीटर व्यासाची अल्युमिनियमची नळी ५० अंशांनी तापली की तिचा व्यास ०.०३ मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. ही फट फार लहान वाटते, पण कित्येकदा तेवढीच पुरते. आतली नळी तापण्याआधी लगेच ओढावे. परंतु आत नायलॉनचा बुच असेल तर हाच उपाय उलटा पडतो. नायलॉन अल्युमिनियमपेक्षा तीन-चार पट जास्त फुगते, त्यामुळे तापवल्याने पकड अधिकच घट्ट होते. तेथे सांधा बर्फात ठेवून गार करावा आणि मग फिरवावा. नायलॉन दमटपणानेही फुगते, म्हणून पावसाळ्यात अडकलेला दांडा नुसता कोरड्या जागी दोन दिवस ठेवला तरी सुटतो.

रेडिओच्या एरियलसारख्या बारीक नळ्यांना लॉक नसते; आतल्या पातळ पितळी पट्ट्यांच्या घर्षणावरच त्या थांबतात. त्या टोकाला बोट लावून कधी मिटवू नयेत. प्रत्येक सांध्याच्या जवळ धरून एकेक नळी आत सारावी.

विजेच्या तारांपासून सावध

लांब दांडा विकणाऱ्याने एक इशारा तोंडी दिलाच पाहिजे. अल्युमिनियमचा दांडा किंवा शिडी वरच्या विजेच्या तारेला लागली तर धरणारा माणूस वाचणे कठीण. कार्बन फायबरचा दांडाही वीज वाहून नेतो, तो प्लास्टिकसारखा दिसतो म्हणून फसू नये. फायबर ग्लास वीज रोखते, पण तेही स्वच्छ आणि कोरडे असेपर्यंतच. आंब्याच्या बागेत, गच्चीवर किंवा रस्त्याकडेच्या भिंतीला रंग देताना दांडा लांब करण्यापूर्वी वर पाहावे, आणि तारेखालून जाताना दांडा मिटवूनच न्यावा.

घेताना आणि देताना

घाऊक माल घेताना प्रत्येक पेटीतील एक-दोन नग पूर्ण लांब करून, लॉक लावून, जमिनीवर टेकवून अंगाचा भार देऊन पाहावेत. नळी पिळून पाहावी. बटण दाबून पाहावे, नळी मिटवून पाहावी. लॉकचे सुटे भाग, म्हणजे स्प्रिंग-बटण, बुच, कडी आणि रबरी बूट, वेगळे मिळतात काय हे विचारावे. ज्या मालाचे सुटे भाग मिळत नाहीत तो स्वस्त असला तरी शेवटी महाग पडतो.

विकताना गिऱ्हाइकाच्या हातात दांडा देऊन त्याच्याकडूनच एकदा उघडून आणि मिटवून घ्यावा. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. "हे फिरवायचे आहे, ओढायचे नाही" किंवा "याला तेल घालू नका" एवढे एक वाक्य सांगितले तर बहुतेक माल परत येत नाही. कारागीर बंधूंनी दुरुस्तीस आलेला माल हातोडीखाली घेण्यापूर्वी स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: भार कशावर आहे, आणि तो काढला आहे काय? दोन्हींचे उत्तर मिळाले की बहुतेक लॉक बोटांच्या जोरावर सुटते. नाही मिळाले, तर जोर लावण्याऐवजी थांबून पुन्हा पाहणे हेच शहाणपणाचे आणि फायद्याचे.